कुमारांची कोणती तबकडी?

कुमार गंधर्वांची एकच तबकडी निवडावयाची झाली, तर बालगंधर्वांची पदे बाजूस ठेवून आम्ही निर्गुणी भजनेच उचलू. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार १९४८ मध्ये देवासला आले, ते क्षयाने जर्जर होऊन. गाण्यास सक्त मनाई! अंथरुणावर पडल्यापडल्या माळवी लोकगीते कानी येत. पुढे अशाच धुनांतून लगनगंधार, मधसुरजा हे राग उमलले. त्यांच्या छोट्या, तुटक स्वरवाक्यांस दमाचे उणेपण म्हणणारे रसिक आमच्या घरातही आहेत. (त्यांच्याशी वाद घालणे आम्ही केव्हाच सोडले.) आम्हांस मधली ती निःशब्दता तानेहून बोलकी वाटते. नाट्यपदांत कुमार बालगंधर्वांचे ऋण फेडतात. निर्गुणात मात्र शून्यात हाक घालावी तसा एक स्वर फेकतात आणि थांबतात.