‘वीक’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत ‘वीक’ इतका मुरलाय की पोरगं गणितात वीक असतं, नेटवर्क वीक असतं आणि तापातून उठलेल्याला वीकनेस असतो. सगळीकडे अर्थ एकच, ताकद कमी, असं आपण धरून चालतो.

दवाखान्यात हा समज खिशाला चाट लावतो. ‘वीकनेस आहे, सलाईन लावा’ हा आग्रह पेशंटपेक्षा नातेवाइकांचाच जास्त. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. कॅलरी शून्य. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल, पोटात काही ठरत नसेल, तर तिचा मोठा आधार. पण तिने अंगात ताकद भरत नाही. शिवाय डॉक्टरांच्या लेखी थकवा वेगळा, वीकनेस वेगळा. ‘माझा हात ढकला’, ‘पाय उचला’ असं सांगून ते स्नायूंचं बळ 0 ते 5 असं मोजतात. 3 म्हणजे हात आपल्या आपण वर उचलला जातो, पण वरून जरा दाबलं की खाली येतो. दिवसभर गळून गेलेला माणूस या परीक्षेत बहुतेकदा 5 पैकी 5 मिळवतो! उलट एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर ‘अशक्तपणा असेल, पडू दे जरा’ म्हणत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो, तिथे मिनिटं मोलाची असतात.

रसायनशास्त्रातलं ‘वीक ॲसिड’ही असंच फसवं. पाण्यात ज्याचे थोडेच रेणू फुटून आयन होतात, ते वीक. ते किती घातक, याचा त्या नावाशी संबंध नाही. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड वीक, तसंच हायड्रोफ्लोरिकही वीक. हे दुसरं काच खातं, कातडीतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयही बंद पाडू शकतं.

आता इंग्रजीच्या तासाकडे. ‘वीक इन मॅथ्स’ चूक आणि ‘वीक ॲट मॅथ्स’ बरोबर, असं काही नाही. दोन्ही रूढ आहेत. ‘वीक व्हर्ब’ हे नाव मात्र खरंच अन्यायाचं. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोबने जर्मन व्याकरण लिहिताना क्रियापदांचे स्ट्राँग आणि वीक असे गट पाडले. आतला स्वर बदलून भूतकाळ करणारं ‘सिंग–सँग’ स्ट्राँग, शेपटाला प्रत्यय लावणारं ‘वॉक–वॉक्ड’ वीक. ‘हेल्प’ एके काळी स्ट्राँग होतं, पुढे वीक झालं. इंग्रजीत नवं क्रियापद आलं, की तेही सहसा याच गटात जातं: ‘गूगल’चं ‘गूगल्ड’च झालं.