ओल आलेल्या भिंतींची दुरुस्ती

जुन्या घरांत पावसाळ्यानंतर भिंतीस ओल येऊन लोणा फुटतो व लगतच्या कणगींतील धान्यास बुरशी लागते. अशा मातीच्या अथवा चुन्यांत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं; त्यामुळें आंतली ओल कोंडली जाऊन वर चढते व भिंत आंतल्या आंत भुसभुशीत होते. प्रथम पागोळ्यांचें पाणी दूर न्यावें, जोत्याशीं बाहेरून चढलेली माती काढावी. नंतर लोणा धरलेला गिलावा, ओलीच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत, खरवडून घराबाहेर टाकावा. त्यांतील क्षार हवेंतील ओल ओढतात. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून मगच मातीच्या भिंतीस मातीचा, विटांच्या भिंतीस १ भाग चुना व ३ भाग वाळू यांचा गिलावा करावा. वर चुन्याचाच हात द्यावा, तैलरंग नको. कणगी तरीही भिंतीपासून वीतभर दूर असावी.