दुसऱ्या वर्षाची फी कोण भरणार?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, की घरोघरी व्हॉट्सॲपवर एखादी पीडीएफ येऊन पडते. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली मुलाचं नाव ठळक अक्षरांत आणि मधोमध मजकूर: गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी आपली निवड झाली असून शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत देण्यात येत आहे. दहा मिनिटांत ती पीडीएफ आत्या-मावश्यांच्या ग्रुपवर जाते आणि अभिनंदनाचा पाऊस पडतो. दुसऱ्या पानावरच्या अटी मात्र बहुतेक घरांत फी भरून झाल्यावर वाचल्या जातात. काही घरांत तर दुसऱ्या वर्षाच्या फीची नोटीस आल्यावर.

आधी हे पैसे कुठून येतात ते पाहू. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे तिजोरीतून निघतात आणि विद्यार्थ्याच्या किंवा कॉलेजच्या खात्यात जमा होतात. खासगी विद्यापीठाच्या मेरिट स्कॉलरशिपमध्ये बहुतेक वेळा कुठूनच पैसे येत नाहीत, विद्यापीठ आपल्याकडून तेवढे कमी घेतं एवढंच. एखाद्या ट्रस्टने किंवा कंपनीने ठेवलेल्या निधीतून दिलेली शिष्यवृत्ती निराळी, पण तिचं प्रमाण थोडं. कमी किती घ्यायचे हे विद्यापीठ ठरवतं, कारण मुळात किती घ्यायचे हेही बव्हंशी तेच ठरवतं. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि यूजीसी कायद्याच्या कलम ३ खालची खासगी अभिमत विद्यापीठं हे दोन प्रकार वेगळे असले, तरी पालकाच्या खिशाच्या दृष्टीने त्यांच्यात फारसा फरक नाही. विनाअनुदानित संस्थांना आपली फी ठरवता येते, मात्र नफेखोरी करता येत नाही आणि कॅपिटेशन फी घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात सांगितलं. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याचीच पुढची मांडणी केली. फी ठरवण्याच्या या मोकळिकीतच सवलतीची मोकळीकही आली.

साडीच्या सेलमध्ये मूळ किमतीची चिठ्ठी आणि सुटीची चिठ्ठी एकच दुकानदार लावतो, तसं हे आहे. त्यात फसवणूक असतेच असं नाही. नव्या विद्यापीठाला चांगले निकाल आणि चांगली प्लेसमेंट हवी असेल, क्रमवारीत वर सरकायचं असेल, तर हुशार मुलं लागतात, आणि ती सरकारी कॉलेज सोडून आपल्याकडे यावीत म्हणून ते किंमत मोजायला तयार असतं. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. तिथल्या खासगी, ना-नफा तत्त्वावरच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सूट छापील ट्यूशन फीच्या निम्म्याहून जास्त भरते. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगमधली विद्यापीठं मात्र गुणवत्तेवर एक डॉलरही देत नाहीत. त्यांची मदत घरच्या परिस्थितीवर ठरते. ज्यांच्या दारात आधीच रांग आहे, त्यांना सूट देऊन मुलं बोलवायची गरज नसते.

आता ते ५० टक्के. कशाचे ५० टक्के? उदाहरणादाखल आकडे धरू: ट्यूशन फी ३,००,०००, डेव्हलपमेंट, परीक्षा, लायब्ररी, जिमखाना वगैरे मिळून ४५,०००, होस्टेल आणि मेस १,५५,०००. वर्षाचे झाले पाच लाख. सवलत फक्त ट्यूशन फीवर, म्हणजे दीड लाखाची. एकूण खर्चातले ३० टक्के वाचले आणि घरातून साडेतीन लाख जायचे ते जातातच. शिवाय फी दरवर्षी वाढते. ट्यूशन फी वर्षाला आठ टक्क्यांनी वाढली, तर चौथ्या वर्षी ती तीन लाखांवरून ३,७७,९१४ वर पोहोचते. पत्रात सवलत टक्क्यांत लिहिली असेल तर ती फीबरोबर वाढेल. ‘दरवर्षी १,५०,०००’ अशी रुपयांत लिहिली असेल, तर चौथ्या वर्षी तिचं मोल ४० टक्क्यांच्याही किंचित खाली येतं.

हे सगळं सवलत चारही वर्षं टिकली तर. खरी मेख तिथेच आहे.

वरच्याच आकड्यांनी हिशेब केला, तर चार वर्षं ५० टक्के टिकल्यास साधारण पावणेसात लाख वाचतात. पहिल्या वर्षानंतर गेली तर फक्त दीड लाख. सव्वापाच लाखांचा हा फरक एका कलमावर अवलंबून असतो: नूतनीकरणाची अट. ती दोन-तीन प्रकारांनी लिहिलेली आढळते. एक, सीजीपीए ठरावीक आकड्याच्या वर हवा, एकही केटी (राहिलेला विषय) नको आणि हजेरी ७५ टक्के. दोन, वर्गात किंवा शाखेत वरच्या अमुक टक्क्यांत नाव हवं. तीन, काहीच लिहिलेलं नसतं, फक्त सर्व हक्क विद्यापीठाकडे राखीव.

पहिला प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण आकडा समोर असतो. पण सीजीपीए (आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची सरासरी) आणि एसजीपीए (एकाच सेमिस्टरची) यांतला फरक इथे महागात पडतो. समजा अट ८ ची आहे. गावाकडून आलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला बावरते, इंग्रजीतली लेक्चर्स, होस्टेल, नवं शहर, तिला ७.२ मिळतात. दुसऱ्या सेमिस्टरला ती सावरते आणि ८.४ घेते. दोन्हींचे क्रेडिट सारखे असतील तर सीजीपीए ७.८. शिष्यवृत्ती गेली. अट वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या एसजीपीएवर असती तर हीच मुलगी आरामात टिकली असती. एकदा गेलेली सवलत सीजीपीए सुधारल्यावर परत मिळते का, याचं उत्तर बहुतेक पत्रांत नसतं. ते विचारून घ्यावं लागतं. केटीचंही तसंच. फेरपरीक्षेत पास झालं तर चालतं की मूळ परीक्षेतच पास व्हावं लागतं, हे अडलेल्या एका विषयाच्या किमतीत लाखाचा फरक पाडू शकतं. ज्याला वायडी बसली, म्हणजे वर्षच वाया गेलं, त्याचा तर प्रश्नच मिटला.

दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यात मुलाच्या अभ्यासापेक्षा गणित बोलतं. साठ जणांचा वर्ग. त्यातल्या २५ जणांना प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी ती वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांनाच, म्हणजे सहा जणांना. पंचवीसच्या पंचवीस मुलांनी रात्री जागून अभ्यास केला तरी किमान १९ जणांची जाणारच. त्यात मार्कांऐवजी वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड देण्याची पद्धत असेल, तर वर्ग जितका हुशार तितकी ए ग्रेड अवघड. प्रवेशाच्या वेळी मुलाची तुलना राज्यभरातल्या लाखो मुलांशी झाली होती. इथे त्याची तुलना शिष्यवृत्ती घेऊन आलेल्या मुलांशीच होते. बारावीला ९२ टक्के मिळवणाऱ्या मुलाला आपण वर्गात मधोमध कुठेतरी आहोत हे कळायला एक सेमिस्टर पुरतं. घरच्यांना मात्र वाटतं की पोरगं तिकडे जाऊन बिघडलं.

म्हणून प्रवेशाच्या टेबलावर मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: तुमच्याकडे तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षी किती जणांना ही शिष्यवृत्ती दिली आणि आज त्यांच्यातल्या किती जणांकडे ती आहे? ‘सगळ्यांची टिकते हो, काळजी करू नका’ हे उत्तर ईमेलवर मागावं. समोरच्या काउन्सेलरला प्रवेशाचं टार्गेट असतं आणि पुढच्या वर्षी तो त्या खुर्चीत असेलच असं नाही.

नियम स्वच्छ लिहिलेलेही असतात. वेल्लोरच्या व्हीआयटीने (पुण्याचं व्हीआयटी वेगळं) आपल्या प्रवेशपरीक्षेतल्या रँकवर फीमाफी ठरवली आहे: पहिल्या १० रँकना ट्यूशन फीत ७५ टक्के, ११ ते ५० ला ५० टक्के, ५१ ते १०० ला २५ टक्के आणि बोर्डात पहिल्या येणाऱ्यांना पूर्ण माफी. कोष्टक निर्विवाद आहे, फक्त ते पहिले शंभर रँक आणि बोर्डात पहिले आलेले एवढ्यांसाठीच आहे. जाहिरातीत ते पाहून अर्ज करणाऱ्या बाकीच्यांना पूर्ण फी भरायची असते. बिट्स पिलानीत, म्हणजे गोव्यात झुआरीनगरच्या कॅम्पसवरही, निव्वळ गुणवत्तेची शिष्यवृत्ती आणि गुणवत्ता-अधिक-गरज या तत्त्वावरची मदत अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसऱ्या वाटेवर घरचं उत्पन्न बघितलं जातं. मध्यमवर्गीय मराठी घरांत ही दुसरी वाट विचारलीच जात नाही, मदत मागणं कमीपणाचं वाटतं म्हणून. मला हे अनाकलनीय वाटतं. उत्पन्नाचा दाखला काढायला लाज कसली?

पर्सेंटाइल आणि पर्सेंट यांचा घोळही दरवर्षी होतो. सीईटीचे ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. त्या परीक्षेला बसलेल्या ९० टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कोष्टकात बारावीचे एकूण टक्के धरलेत की फक्त पीसीएमचे, तेही बघावं.

यापुढचा मुद्दा महाराष्ट्रातल्या पालकांनी दोनदा वाचावा. खासगी विद्यापीठाची निवड केली की राज्याच्या काही मोठ्या सवलती आपोआप हातातून जातात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते, तीही खासगी विद्यापीठात लागू नाही. कॅपमधल्या टीएफडब्ल्यूएसच्या जागा तर ट्यूशन फी माफ करूनच वाटल्या जातात आणि ती माफी त्या जागेला चिकटलेली असते. शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, ही तिची किंमत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांनी तर पैसे भरण्याआधीच विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव राज्याच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे का, हे स्वतः लॉग इन करून पाहावं.

म्हणजे सहा लाख उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी मुलीसमोर दोन कागद असतात. एकावर तीन लाखांच्या ट्यूशन फीत ५० टक्के सूट, दुसऱ्यावर दीड लाख फीच्या साध्या विनाअनुदानित कॉलेजातली कॅपची जागा. पहिल्या कागदावर शिष्यवृत्ती हा शब्द सोनेरी अक्षरांत आहे आणि वर्षाला दीड लाख भरायचे आहेत. दुसऱ्यावर अभिनंदन नाही, ट्यूशन फीही नाही. विद्यापीठ चांगलं असेल, हवी ती शाखा तिथेच मिळत असेल, तर दीड लाख देणं शहाणपणाचंही ठरेल. पण तुलना या दोन आकड्यांची व्हावी.

केंद्राची उच्चशिक्षणासाठीची शिष्यवृत्तीही तपासावी. बारावीच्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्याला ती मिळत नाही, त्यामुळे छोट्याशा संस्थात्मक सवलतीपायी ही गमावत नाही ना, हे बघावं. पीएम विद्यालक्ष्मी कर्जयोजनेत एनआयआरएफ क्रमवारीतली खासगी विद्यापीठंही आहेत. आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. कर्जाविषयी एक व्यवहाराची गोष्ट: मंजुरी पूर्ण फीवर घ्यावी आणि सवलत असेपर्यंत उचल कमी करावी. सवलत धरून मंजुरी घेतली आणि तिसऱ्या वर्षी ती गेली, तर बँकेत वाढीव कर्जाचा अर्ज घेऊन पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, तेही मुलाचा सीजीपीए घसरलेला असताना.

नियमांबद्दल दाद मागायची सोय आहे. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करावी लागते, फीच्या तपशिलासह. तिच्यात लिहिलेलं पाळलं नाही तर विद्यार्थ्याला आधी विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे आणि मग लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी प्रवेशाच्या दिवशीची पुस्तिका डाउनलोड करून ठेवलेली हवी, कारण संकेतस्थळावरची पानं पुढच्या वर्षी बदललेली असतात.

राहिली शेवटची तारीख. सवलतीच्या पत्रावर ‘सात दिवसांत फी भरल्यास’ असं हमखास असतं आणि ते सात दिवस कॅपच्या पहिल्या यादीच्या आत संपतात. हा योगायोग नव्हे. पैसे भरावेच लागले तर यूजीसीचा परतावा-नियम माहीत असावा. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतं. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि पुढे शून्य. चालू वर्षासाठी यूजीसीने वेगळं पत्रक काढलंय का तेही पाहावं. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्यायला सांगितलं होतं. आणि मूळ गुणपत्रिका, दाखले पडताळणीपुरते दाखवायचे. ते ठेवून घेण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही.