चंबळचे खोरे : आपल्या शेजारची माती आणि वाळू

चंबळ म्हटले की बाहेरगावच्या पाहुण्याला अद्याप दरोडेखोरच आठवतात. वास्तविक १९६० साली विनोबांपुढे आणि १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत बागींनी शस्त्रे ठेवली. ते पर्व सरले. खोरे मात्र आपल्याला अपरिचितच राहिले.

महूजवळच्या जानापावला उगम पावलेली ही चर्मण्वती सुमारे ९६० किलोमीटर वाहून यमुनेला मिळते. मुरैना-भिंडकडची तिच्या काठची गाळमाती मऊ आहे. पावसाचे पाणी तिच्यात ओघळी पाडते, ओघळींच्या घळी होतात आणि त्या मागे सरकत शेते गिळतात. हेच बीहड. यंत्राने ते सपाट केले, पण बांध व पाण्याला वाट ठेवली नाही, तर माती पुन्हा वाहून जाते. याच मुलखात मोहरी व बाजरी पिकते, मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर उभे आहे आणि बटेश्वरची कोसळलेली मंदिरे पुरातत्त्व खात्याने २००५ पासून दगडावर दगड रचून उभारली आहेत.

या नदीची खरी श्रीमंती म्हणजे घडियाल. २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभरावर घडियाल दगावले. शवविच्छेदनात निकामी मूत्रपिंडे व गाउट आढळले; विषबाधेचा संशय होता, नेमके विष निश्चित झाले नाही. निदान अपुरे राहण्याचे दुःख आपण वैद्यक जाणतोच. मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात अंडी उबवून पिल्ले वाढवतात व जरा मोठी झाली की नदीत सोडतात. जन्मानंतरचा नाजूक काळ निभावून नेण्याचे हे काम बालरोगतज्ज्ञाला आपलेसे वाटते.

परंतु मादी मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालते ती काठच्या वाळूतच, आणि बंदी असूनही तीच वाळू चोरून उपसली जाते. ती बांधकामावर जाते. आपल्या सिटी सेंटरमध्येही दवाखाने, घरे सतत बांधली जात आहेत. म्हणून मित्रहो, दोन विनंत्या. मुलानातवंडांना घेऊन हिवाळ्यात एकदा मितावली-बटेश्वर आणि चंबळचा काठ पाहून या. आणि बांधकाम काढाल तेव्हा ठेकेदाराला वाळूची पावती अवश्य मागा. औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण न चुकता पाहतो. तेवढीच दक्षता इथेही पुरेशी आहे.