प्रोग्रामरची मुलाखत : चार फेऱ्या

नवख्या उमेदवाराला नोकरीआधी बहुधा या टप्प्यांतून जावं लागतं.

• ऑनलाइन चाचणी : गणिती तर्क, इंग्रजी आणि ठरलेल्या वेळात लिहायचे एक-दोन प्रोग्राम.

• कोडिंग : नेहमीचा एक प्रश्न म्हणजे, दिलेल्या यादीतून ठरावीक बेरीज होणारी जोडी शोधा. प्रत्येक आकडा बाकी सगळ्यांशी ताडून पाहिला, तर १०,००० आकड्यांसाठी सुमारे ५ कोटी जोड्या तपासाव्या लागू शकतात. पाहिलेले आकडे हॅश टेबलमध्ये टाकत गेलं, तर यादीवरून एकदा फिरून भागतं. हा फरक तोंडी समजावता आला पाहिजे.

• तांत्रिक फेरी : बायोडेटातल्या प्रोजेक्टची खोलात चौकशी होते. त्यात तुमचा स्वतःचा वाटा किती, हे हमखास विचारतात.

• एचआर : पगार, रुजू होण्याची तारीख, बदलीची तयारी, बाँड. अटी पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.

उत्तर अडलं तरी गप्प बसू नका; डोक्यात काय चाललंय ते बोलून दाखवा. आणि नोकरीसाठी कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं, तर ती फसवणूकच समजा. एक रुपयाही देऊ नका.