मालडोंगरीला फेरी

बिरसीत सकाळ होते ती शिकाऊ विमानांच्या घरघरीनं. सुटीच्या दिवशी तरी कानाला आराम म्हणून भल्या पहाटे निघून नवेगाव बांध गाठलं आणि मोटरबोटीचा विचार सोडून एका ढिवर भाऊंच्या डोंग्यात बसलो.

"मधात बसा जी, अन् हालू नोका," एवढंच ते बोलले.

काठालगत वल्हं आडवंच पडून असतं, काम करतो तो बांबू. भाऊ तो गाळात रोवतात, त्यावर भार टाकतात, डोंगा सरकतो. खरं कसब बांबू उपसण्यात. सरळ ओढला तर गाळ सोडत नाही आणि माणूसच मागं राहतो! म्हणून आधी मनगटानं हलका पीळ, मग उपसणं. मी करून पाहिलं. डोंगा जागच्या जागी गोल फिरला. भाऊ हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पुढे बांबूला तळ लागेना, तेव्हा वल्हं निघालं. एकाच बाजूनं मारूनही डोंगा वाकडा जात नव्हता. बघत राहिलो तेव्हा कळलं, दर फटक्याच्या शेवटी पातं किंचित बाहेर वळतं.

अकराएक चौरस किलोमीटरचं हे पाणी माणसानं अडवलेलं आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली वाट बांधानं बंद केली. लोकांनी पुढे त्यांचा कोलासूर देव केला. मधली टेकडी पाण्यात एकटी पडली आणि बेट झाली, पण नाव डोंगरीच राहिलं: मालडोंगरी. मारुती चितमपल्लींमुळे नवेगाव म्हटलं की आपल्याला पक्षी आठवतात. मीही दुर्बीण नेली होती. बदकं दिसलीही, पण नजर पुन्हा पुन्हा त्या बांबूकडेच जात होती.

कारण बेट जवळ आलं तसा भाऊंनी तो परत पाण्यात सोडला आणि या वेळी आवाज आला, टक्. गाळ नाही, दगड.

"डोंगराचा पाय लागला," ते म्हणाले आणि डोंगा वळवला.

डब्यानं तळाचं पाणी उपसायचं काम परतीला माझ्याकडे आलं. तेवढं मात्र जमलं.

जायचं असेल तर थंडीत जा आणि उजाडताच काठावर हजर राहा. ऊन चढून वारा उठला की भाऊ डोंगा सोडत नाहीत.