वाचनचाचणी आणि वर्गोन्नती
चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील माडिया मूल ‘पाणी’ हा शब्द अक्षरे जोडून बिनचूक उच्चारील. परंतु त्याच्या घरी पाण्यास ‘एर’ म्हणतात. केवळ उच्चार ऐकणाऱ्या परीक्षकास ते उत्तम वाचक भासेल, अर्थ विचारणाऱ्यास मंदमती! वस्तुतः वाचन म्हणजे, गफ व टन्मर यांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे, अक्षरबोध आणि भाषाबोध यांचा गुणाकार होय. एक शून्य, तर सर्वच शून्य. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील आठवीपर्यंत मागे न ठेवण्याची तरतूद २०१९ मध्ये शिथिल झाली. महाराष्ट्रात २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार पाचवीच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण ठरलेले मूल त्याच वर्गात राहते. तत्पूर्वी चाचणीचाच उतारा त्यास वाचून दाखवावा. ऐकूनही न उमगल्यास उणीव मराठीची. ऐकून उमगल्यास अक्षरओळखीची.